शाळेसाठी लॅपटॉपची निवड : मुक्त स्रोत कार्यप्रणालीच्या दृष्टीने



शाळाभेटीच्या वेळी मुख्याध्यापकांच्या कपाटात कपड्यात गुंडाळून ठेवलेला लॅपटॉप दिसला, की त्याची हकीकत विचारण्याची सवय मला जडली आहे. उत्तरे बहुधा दोनच प्रकारची मिळतात. एक म्हणजे, "साहेब, यंत्र फार मंद झाले आहे", आणि दुसरे, "त्यात काहीतरी नवीन भरून घेतले, तेव्हापासून इंटरनेट लागत नाही." पहिल्या दुखण्यावर औषध आहे. दुसरे दुखणे मात्र पुष्कळदा औषधानेच उत्पन्न झालेले असते, आणि याचे कारण असे की औषध देण्यापूर्वी रोग्याची प्रकृती पाहिलेली नसते. या लेखात ही प्रकृती कशी पाहावी, म्हणजेच मुक्त स्रोत कार्यप्रणाली ज्यावर सुरळीत चालेल असा लॅपटॉप कसा निवडावा, याचा विचार करावयाचा आहे.

प्रारंभीच एक कबुली देणे माझे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातील एका दुशिक्षकी शाळेने लोकवर्गणी जमवून लॅपटॉप घेण्याचे ठरविले. भातकापणीच्या मजुरीतून आयाबायांनी दिलेले ते पैसे होते. शिक्षकांनी माझा सल्ला विचारला. मी "लिनक्स घाला, खर्च वाचेल" एवढेच सांगितले आणि यंत्र कोणते घ्यावे याविषयी एक अक्षरही बोललो नाही. त्यांनी स्वस्तात स्वस्त यंत्र घेतले. त्यात लिनक्स बसविले, तेव्हा वाय-फाय चालेना, आवाज येईना आणि झाकण मिटले की यंत्र पुन्हा जागे होईना. दोन महिन्यांनी ते कपाटात गेले. पालकसभेत एका आजीबाईंनी विचारले, "गुरुजी, आमचा संगणक कुठं हाय?" त्या प्रश्नाला शिक्षकांना उत्तर देता आले नाही. खरे पाहता ते उत्तर मी द्यावयास हवे होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा एक भाग होय.

१. मुक्त स्रोत म्हणजे काय?

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाची सर्व अंगे चालविणारी मूळ आज्ञावली. कळफलकावरील अक्षर पडद्यावर आणणे, पेनड्राइव्ह ओळखणे, छपाईयंत्राशी बोलणे, ही सर्व कामे तिची. विंडोज ही अशी एक कार्यप्रणाली आहे; तिचा परवाना विकत घ्यावा लागतो आणि तिची अंतर्गत रचना कंपनीजवळ असते. मुक्त स्रोत कार्यप्रणालीची रचना मात्र सर्वांसाठी खुली असते. ती वापरावी, दुसऱ्यास द्यावी, तीत सुधारणा करावी व सुधारलेली पुन्हा वाटावी, अशी परवान्यानेच मुभा असते.

आपल्या मावळच्या माणसास हे बियाण्याच्या उदाहरणाने चटकन समजेल. इंद्रायणी भाताचे बी शेतकरी आपल्याच खळ्यावरून राखून ठेवतो आणि शेजाऱ्यास पायलीभर देतोही. संकरित बियाणे मात्र दरवर्षी दुकानातून आणावे लागते. मुक्त स्रोत प्रणाली ही राखून ठेवता येणाऱ्या बियाण्यासारखी आहे. परंतु याच उदाहरणाचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. बी कितीही चांगले असले तरी ते प्रत्येक खाचरात सारखे येत नाही. पाणी व माती पाहूनच वाण निवडावा लागतो. लॅपटॉप हे आपले खाचर होय.

या चळवळीचा इतिहास थोडक्यात असा. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स याने 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगातून डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट इत्यादी अनेक वाण निघाले. आपल्या देशात पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणाली काढली. केरळ राज्यात २००१ साली सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने शाळांमधून मुक्त आज्ञावलींचा अंगीकार केला. २०१७ सालापासून 'काइट' ही संस्था तेच कार्य पुढे चालवीत आहे. सामान्य सरकारी शाळेत हे साधते, याचा तो धडधडीत पुरावा आहे.

२. आताच हा प्रश्न का?

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्यानंतरच्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत सामान्यतः आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. परिणामी कित्येक धडधाकट यंत्रे केवळ या अटीमुळे बाद ठरू लागली आहेत. अशा यंत्रांना लिनक्स नवे आयुष्य देऊ शकते. शिवाय शाळा नवे यंत्र घेणार असेल, तर परवान्याचा खर्च टाळून तो पैसा अधिक रॅमसाठी वा चांगल्या पडद्यासाठी लावता येतो. बाजारात विंडोजविना, म्हणजे 'फ्री-डॉस' अथवा उबुंटू घातलेले लॅपटॉप मिळतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुकानदारास मुद्दाम विचारावे लागते.

३. घाटाखालील एक प्रयोग

यंत्र व प्रणाली एकमेकांसाठी निवडली तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. खंडाळ्याचा घाट उतरला की कर्जत तालुका लागतो. रायगड जिल्ह्यातील या तालुक्यात खैराट नावाचे लहानसे गाव आहे. तेथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग झाला. सुमारे वीस-बावीस मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे 'एक्सओ' लॅपटॉप आले. निकोलस निग्रोपाँटे यांच्या कल्पनेतून निघालेल्या या यंत्राची किंमत शंभर डॉलर असावी असे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ती जवळजवळ दुप्पट झाली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या यंत्राचे अंतरंग. रॅम अवघी २५६ मेगाबाइट, साठवण १ गिगाबाइट, प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा. त्या काळच्या मानानेही ही शक्ती बेताचीच म्हणावी लागेल. तरीसुद्धा यंत्र चालले. कारण फेडोरा लिनक्सवर आधारलेली प्रणाली आणि 'शुगर' हा मुलांचा पडदा त्या यंत्रासाठीच बेतलेला होता. उन्हात वाचता येईल असा पडदा आणि अत्यल्प वीजवापर हीसुद्धा त्याची वैशिष्ट्ये होती. यंत्राचा पुढे सर्वत्र प्रसार झाला नाही, हेही खरे. परंतु यंत्र नुसते बलवान असून भागत नाही, प्रणालीशी त्याचा मेळ बसावा लागतो, हा धडा त्यातून निश्चित मिळतो.

आणखी एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुद्दाम लिनक्ससाठी घडविलेल्या या यंत्रातही वाय-फायच्या चिपमधील आज्ञावली बंदिस्तच राहिली होती. जी अडचण एवढ्या नामवंत तज्ज्ञांपुढे उभी राहिली, तीच आज आपल्या गावच्या शाळेत प्रथम उभी राहते. म्हणून निवडीच्या वेळी पहिली नजर वाय-फायकडे.

४. यंत्राची अंगे व त्यांची पारख

प्रत्येक अंगास चालविण्यासाठी प्रणालीला एका छोट्या आज्ञावलीची गरज असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी ड्रायव्हर बहुधा यंत्र बनविणारी कंपनीच देते. लिनक्समध्ये पुष्कळसे ड्रायव्हर गाभ्यातच समाविष्ट असतात. परंतु ज्या कंपनीने आपल्या चिपची माहिती खुली केली नाही, तिच्या बाबतीत अडचण येते. हे एक तत्त्व समजले म्हणजे पुढील सर्व सूचना आपोआप समजतात.

(अ) वाय-फाय : इंटेलच्या चिप बहुधा विनातक्रार चालतात. ब्रॉडकॉमच्या आणि रिअलटेकच्या काही चिपना वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो. आणि तो उतरवून घेण्यास इंटरनेटच हवे असते! अशा वेळी मोबाइल फोन तारेने जोडून त्याचे इंटरनेट यंत्रास देता येते, हे लक्षात ठेवावे.

(आ) चित्रदर्शक चिप : इंटेलची किंवा एएमडीची अंगभूत चिप शाळेस पुरेशी आहे. एनव्हिडियाची स्वतंत्र चिप खेळांसाठी व जड कामासाठी असते; तिला पैसे अधिक, वीज अधिक आणि ड्रायव्हरही निराळा. आपल्याला तिची आवश्यकता नाही.

(इ) प्रोसेसर : इंटेल कोअर आय-३ वा आय-५, अथवा एएमडी रायझन, यांपैकी कोणताही चालेल. एआरएम जातीच्या प्रोसेसरवर चालणारे नवे विंडोज लॅपटॉप मात्र तूर्त टाळावेत. त्यांवर लिनक्स बसविणे सामान्य शिक्षकाचे काम नव्हे. फार जुनी ३२-बिट यंत्रेही घेऊ नयेत. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीनेही ३२-बिट पीसीवर नव्याने बसविण्याची सोय बंद केली आहे.

(ई) रॅम : लिनक्स मिंट २ गिगाबाइटवर चालू होते आणि ४ गिगाबाइटवर बऱ्यापैकी चालते. परंतु आजचा ब्राउझरच पुष्कळ रॅम खातो. सबब नवे यंत्र घेताना ८ गिगाबाइट घ्यावी. रॅम पट्टीच्या रूपात आहे की पाट्यावर कायमची डाखलेली आहे, हे विचारावे. पट्टी पुढे वाढविता येते; डाखलेली वाढविता येत नाही.

(उ) साठवण : जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी कितीतरी पटींनी चपळ असते. २५६ गिगाबाइट पुरेत. अतिस्वस्त यंत्रांत 'ईएमएमसी' नावाची साठवण असते. ती संथ असते आणि डाखलेली असल्याने बदलताही येत नाही. माझ्या सल्ल्याने फसलेल्या त्या शाळेचे यंत्र नेमके याच जातीचे होते.

(ऊ) जोडण्या : वर्गातील प्रोजेक्टर वा दूरदर्शन संच जोडण्यासाठी पूर्ण आकाराचे एचडीएमआय द्वार आणि निदान दोन यूएसबी द्वारे असावीत. बोटाचा ठसा ओळखणारी सोय पुष्कळदा लिनक्समध्ये चालत नाही; तिच्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

(ए) छपाईयंत्र : हे लॅपटॉपचे अंग नसले तरी शाळेचे आहे. एचपी कंपनीने लिनक्ससाठी स्वतः मुक्त ड्रायव्हर पुरविले आहेत. अन्य कंपन्यांच्या बाबतीत यंत्राचा नेमका क्रमांक घेऊन अगोदर चौकशी करावी.

येथे एक सर्वसाधारण नियम सांगतो. अगदी नुकतेच बाजारात आलेले यंत्र घेऊ नये. नव्या चिपचे ड्रायव्हर लिनक्समध्ये येण्यास काही काळ जातो. वर्ष-दोन वर्षे बाजारात रुळलेले यंत्र अधिक सोयीचे, आणि स्वस्तही.

५. नवे की वापरलेले?

मोठ्या कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी बदलली जाणारी यंत्रे दुरुस्त करून विकली जातात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक या कार्यालयीन मालिका लिनक्सच्या दृष्टीने नावाजलेल्या आहेत. त्यांतील कित्येक प्रतिमाने उबुंटूने स्वतः तपासून प्रमाणित केली आहेत. त्यांचा कळफलक दणकट असतो, भाग उघडून बदलता येतात. माझ्या मते लहान शाळेस नव्या अतिस्वस्त यंत्रापेक्षा अशा मालिकेतील आठव्या वा त्यापुढच्या पिढीचे वापरलेले यंत्र अधिक उपयोगी पडते. मात्र पक्की पावती व लेखी हमी घ्यावी, आणि बॅटरीची तपासणी करावी. लिनक्समध्ये वीजवापर दाखविणाऱ्या आज्ञावलीत बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता अशा दोन्ही संख्या दिसतात. दुसरी पहिलीच्या निम्म्याहून कमी असेल, तर नव्या बॅटरीची किंमत धरूनच भाव ठरवावा.

६. दुकानातील पंधरा मिनिटांची परीक्षा

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ती ही. लिनक्स यंत्रात न बसविता नुसत्या पेनड्राइव्हवरून चालविता येते. आठ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह घ्यावा. लिनक्स मिंटची प्रत उतरवून घेऊन 'रूफस' किंवा 'एचर' या मोफत आज्ञावलीने ती पेनड्राइव्हवर लिहावी. तो खिशात घालून दुकानात जावे. यंत्र सुरू होताना एफ-१२, एफ-९, एफ-२ यांसारखी, त्या त्या कंपनीने ठरविलेली कळ दाबली की कोणत्या साधनावरून सुरुवात करावी असे विचारले जाते. तेथे पेनड्राइव्ह निवडावा. यंत्रातील मूळ मजकुरास धक्का लागत नाही, ही गोष्ट दुकानदारास आधीच सांगून त्याची संमती घ्यावी. मग क्रमाने पाहावे :

(१) वाय-फायचे जाळे दिसते काय व आपल्या मोबाइलशी जोडले जाते काय? (२) आवाज व ध्वनिग्राहक चालतात काय? (३) कॅमेरा चालतो काय? (४) पडद्याचा प्रकाश कळांनी कमीजास्त होतो काय? (५) झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडल्यावर यंत्र जागे होते काय? (६) दूरदर्शन संच जोडल्यास चित्र व आवाज येतो काय? (७) स्पर्शपट्टी व सर्व कळा चालतात काय?

साती प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तर यंत्र घ्यावे. पहिले किंवा पाचवे नकारार्थी आले तर यंत्र कितीही देखणे असले तरी खाली ठेवावे. दुकानदार परीक्षेस नकार देईल, तर दुसरे दुकान पाहावे. बैल घेताना दात पाहू न देणाऱ्याकडून आपण बैल घेत नाही.

७. मराठीची सोय

लिनक्समध्ये युनिकोड मराठी अंगभूतच असते. मांडणीच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट कळफलक निवडला की काम सुरू. लोहित देवनागरी, नोटो देवनागरी आणि मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकार संस्थेचा 'मुक्त' हे सर्व टंक विनामूल्य आहेत. तथापि पूर्वी युनिकोडेतर टंकांत केलेल्या प्रश्नपत्रिका व दाखल्यांचे नमुने उघडल्यास निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतील. हा लिनक्सचा दोष नव्हे. तो मजकूर एकदा युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

लिबरऑफिसमध्ये वर्ड व एक्सेलच्या फायली उघडतात. मात्र आतून स्वयंचलित सूत्रमालिका रचलेली तयार निकालपत्रके कधी कधी बिघडतात. शासकीय संकेतस्थळांवरील माहिती ब्राउझरमधून भरावयाची असल्याने सहसा अडचण येत नाही. मुलांसाठी जीकॉम्प्री, चित्रकलेसाठी टक्स पेंट, भूमितीसाठी जिओजेब्रा, आकाशदर्शनासाठी स्टेलेरियम या आज्ञावली उत्तम आहेत. आंदर मावळात वा पवन मावळाच्या टोकाला, जेथे इंटरनेट क्षीण आहे, तेथे 'किविक्स' या आज्ञावलीने संपूर्ण मराठी विकिपीडिया यंत्रात साठवून विनाइंटरनेट वाचता येतो. स्वतः शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठी पाठ उपलब्ध आहेत.

८. लिनक्स केव्हा घेऊ नये?

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे. शाळेस देणगीरूपाने मिळालेला फळा किंवा अभ्यासक्रमाची आज्ञावली केवळ विंडोजवर चालणारी असेल, तर यंत्रावर विंडोज ठेवावे अथवा दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी बसवाव्यात. जे काम आज चालू आहे ते तत्त्वाच्या हट्टापायी बंद पाडणे, हे मुलांच्या हिताचे नव्हे. कोणताही बदल करण्यापूर्वी यंत्रातील सर्व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या साधनावर अवश्य घ्यावी.

९. मावळच्या हवेची काळजी

लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात लोखंडी कपाटात बंद ठेवलेल्या यंत्रास बुरशी व गंज धरतो. यंत्र रोज अर्धा तास तरी चालवावे. त्याच्याच उबेने आतील दमटपणा निघून जातो. ठेवताना ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात घालाव्यात, कापडात गुंडाळू नये. विजांचा कडकडाट होत असता चार्जर भिंतीपासून काढावा. वीज गेली तरी बॅटरीवर दोन-तीन तासिका सहज होतात. खेड्यातील शाळेस मेजावरील संगणकापेक्षा लॅपटॉप श्रेयस्कर, तो याचसाठी.

समारोप

त्या दुशिक्षकी शाळेविषयी सांगावयाचे राहिले. पुढे त्या यंत्रास यूएसबीवर चालणारा, लिनक्सला मानवणारा वाय-फायचा छोटा खुंटा जोडला, हलकी प्रणाली घातली, आणि गोष्टी व चित्रे दाखविण्यापुरते ते पुन्हा वर्गात आले. पूर्ण बरे झाले असे म्हणवत नाही. आवाजासाठी अजूनही बाहेरचा कर्णा लावावा लागतो. परंतु आजीबाईंना दाखविण्यासाठी ते आता मेजावर असते.

प्रत्येक केंद्राने असा एक पेनड्राइव्ह तयार करून ठेवावा आणि शिक्षण परिषदेच्या वेळी आपापल्या शाळेतील यंत्रे आणून वरील सात प्रश्नांची परीक्षा घ्यावी, अशी माझी विनंती आहे. कोणते प्रतिमान उत्तीर्ण झाले व कोणते नाही, याची एक वही केंद्रात राहिली, तर पुढील खरेदी करणाऱ्या शाळेस माझ्यासारख्या सल्लागारावर विसंबून राहावे लागणार नाही. लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा मुलांच्या डोळ्यांसमोर दिसत राहणे, यातच शाळेची पत आहे.